आतल्या मालासकट

'पीप्!'

खोलीत सगळं चिडीचूप होतं. बाप-लेक एकाच पांघरुणात गुरफटून झोपले होते. तेवढ्यात फरशीवर ठेवलेला वजनकाटा बोलला, आणि त्याच्यावर अनवाणी उभी असलेली बाई त्याच्याहून मोठ्यानं बोलली,

"बावन्न किलो तीनशे! कालच्याइतकंच! आहे कुणाची बिशाद?"

पांघरुणातून नवऱ्याचा एक डोळा बाहेर आला. "अगं, हा आपल्या घरचा काटा?"

"मग! सुट्टीला आलो म्हणून परक्या काट्यावर विश्वास ठेवू?"

"तरीच म्हटलं, टॉवेलांची बॅग एवढी जड कशी! आणि टॉवेल?"

"टॉवेल राहिले."

आता हे ऐकून कुणाला वाटेल की बाईला वजनाचं वेड आहे. तसं ते होतंच, पण पगारी! टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर ती नऊ वर्षं बसत होती. कुणी खोकं पुढं सरकवलं की ती ते नुसतं उचलायची आणि आकडा सांगायची. काटा बिचारा मागाहून सही केल्यासारखा तोच आकडा दाखवायचा. त्यावरून कचेरीत तिचं नाव पडलं काटेताई. खरं आडनाव शिपायालाही आठवत नसे.

दोन वर्षांपूर्वी काटेताईच्या दोन्ही किडन्यांनी एकदम राजीनामा दिला. नोटीस नाही, निरोप समारंभ नाही! नव्या किडनीसाठी नाव यादीत लागलं. ती येईपर्यंत पोटातलं डायलिसिस. पोटाला बसवलेल्या बारीक नळीतून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, चार-पाच तास तसंच ठेवायचं, मग अंगातली घाण आणि जादा पाणी घेऊन ते बाहेर आलं की नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज. काटेताईनं तेही पार्सल खिडकीसारखंच चालवलं. किती आत, किती बाहेर, सकाळी पाणी काढून टाकल्यावरचं वजन किती, सगळं वहीत. एका दिवसाचा खाडा नाही! इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर ती वही नव्या पेशंटांना दाखवत, हुशार मुलीची उत्तरपत्रिका वर्गात फिरवतात तशी.

त्या वहीच्या पुण्याईवरच ही दोन दिवसांची सुट्टी मंजूर झाली होती. थीम पार्कला, चिमटीला घेऊन! चिमटी म्हणजे लेक. वय सहा, वजन सतरा किलो शंभर. सिस्टरांच्या अटी होत्या: उलटंपालटं करणाऱ्या पाळण्यात बसायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, आणि दुपारची पिशवी साडेबाराला, पार्कच्या प्रथमोपचाराच्या खोलीत. पत्रही दिलं होतं त्यांनी, शिक्क्यासकट.

पण काटेताईची स्वतःची एक अट त्याहून कडक होती. गेल्या महिन्यात शाळेत आयांची पोत्यातली शर्यत झाली. काटेताई बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. शेजारच्या मुलीनं विचारलं, तुझी आई का नाही पळत? चिमटी म्हणाली, "माझी आई जिंकण्यातली नाही. तिला बरं नाही ना." रुसून नाही हो! एखाद्यानं आपला पत्ता सांगावा तितक्या सरळपणे! काटेताईला ते वाक्य महिनाभर गिळता आलं नव्हतं.

"ऐका!" ती काट्यावरून उतरत म्हणाली. "हे दोन दिवस मी पेशंट नाही. कुणाची खुर्ची घेणार नाही, रांग मोडणार नाही, कुणाला काही सांगणार नाही. आणि चिमटीसाठी काहीतरी जिंकणार म्हणजे जिंकणार!"

"काय जिंकणार?" नवऱ्यानं विचारलं.

"ते तिथं गेल्यावर बघू!"

पहिली ठेच दारातच लागली. औषधी पाण्याची पिशवी अंगाइतकी कोमट लागते. त्यासाठी विजेवर तापणारी एक खास थैली होती. थैली आणली होती, वायर घरी राहिली होती!

"घरचा काटा आणलास आणि वायर नाही?"

"वायर तुझ्या यादीत होती!"

नवरा बेकरीत कामाला. तो दोन मिनिटं डोकं खाजवत राहिला आणि मग म्हणाला, "हात्तिच्या! पिठाच्या गोळ्याला ऊब लागली की आम्ही काय करतो? गुंडाळून उबेत ठेवतो!" वेष्टणातली पिशवी त्यानं टॉवेल नसल्यामुळे चिमटीच्या फ्रॉकात गुंडाळली, स्वेटरखाली सरकवली आणि वरून पट्टा आवळला.

काटेताईनं मान तिरपी करून बघितलं. "सातवा महिना वाटतो."

पार्कच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सगळ्यांना चाचपलं. नवऱ्यापाशी त्याचा हात थबकला.

"हे काय?"

"पोट."

"लिबलिबतंय."

"बेकरीत आहे हो मी!"

पत्र काटेताईच्या पर्समध्ये होतं. पण कुणाला काही सांगायचं नाही ना! ती आभाळाकडे बघत उभी राहिली. पहारेकऱ्यानं पुन्हा एकदा पोट दाबून पाहिलं, स्वतःच लाजला आणि आत सोडलं.

सकाळ झकास गेली. फिरते घोडे, छोटी बोट, बोगद्यातून जाणारी आगगाडी. प्रत्येक रांगेत काटेताई ताठ उभी! बाक दिसले की त्यांच्याकडे पाठ करायची. बाराच्या सुमाराला चिमटी एकदम थांबली. समोर एक स्टॉल होता आणि स्टॉलच्या टोकाला टांगलेला हिरवागार, कापसाचा, चिमटीच्या दुप्पट पाणघोडा!

खाली पाटी होती: 'तुमचं वजन ओळखतो! एका किलोहून जास्त चुकलो तर पाणघोडा तुमचा!' पाटीशेजारी लाल कोट, पिळलेल्या मिशा आणि हातात कर्णा घेतलेला एक गृहस्थ. सगळे त्याला उस्ताद म्हणत होते.

काटेताईचे डोळे लकाकले. नवऱ्यानं ते डोळे ओळखले.

"अगं, नको."

"का नको? तो माणूस डोळ्यांनी बघून ओळखणार. माझे हात काडीसारखे. आणि पोटातले दोन लिटर त्याला दिसणार आहेत थोडेच?"

"लबाडी होईल ती!"

"लबाडी कसली? पार्सलचं वजन आतल्या मालासकट धरतात. नियमच आहे तसा!"

उस्तादानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मनगट बघितलं, मान बघितली. डोळे मिटून मिशीला पीळ दिला आणि कर्ण्यातून गरजला, "साडेबावन्न!"

काटेताई काट्यावर चढली. काटा सरकत गेला, सरकत गेला आणि थांबला. पंचावन्न किलो दोनशे!

"आईईई जिंकली!" चिमटीनं पाणघोड्याच्या कानाला लोंबकळायलाच सुरुवात केली.

उस्तादाचा चेहरा मात्र भुईचक्रासारखा फिरला. "अशक्य! अकरा वर्षांत मी एकदाच चुकलोय, आणि त्या माणसाच्या कोटात गाडीची बॅटरी निघाली होती! बाई, खिसे दाखवा."

"खिसेच नाहीत."

"पर्स?"

"ती ह्यांच्याकडे आहे."

तेवढ्यात गर्दीतून फाटकावरचा पहारेकरी पुढे आला. "उस्ताद, ह्या कुटुंबात काहीतरी गडबड आहे! ह्या साहेबांचं पोट सकाळी हलत होतं!"

सगळ्यांच्या माना नवऱ्याकडे वळल्या. नवरा घाबरून एक पाऊल मागे सरला, पट्टा सुटला, आणि फ्रॉकासकट दोन किलोची पिशवी त्याच्या स्वेटरखालून घसरत त्याच्याच हातात आली. एक आजीबाई "अगं बाई!" म्हणून मटकन बाकावर बसल्या.

"बघा! पाण्याच्या पिशव्या!" पहारेकरी ओरडला. "बाईंच्या पोटालाही बांधली असणार!"

"अहो, लेकरांसमोर तरी असं करू नका," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

चिमटीनं हळूच पाणघोड्याचा कान सोडला. ती नुसती आईकडे बघत राहिली.

झालं! सकाळची सगळी अट त्या एका बघण्यानं वितळली. काटेताई काट्यावरून उतरली, नवऱ्याच्या खांद्यावरची पर्स ओढली आणि कर्ण्याशिवायच गरजली, "पोटाला बांधली नाही, पोटाच्या आत आहे! माझ्या किडन्या बंद पडल्यात. दोन लिटर औषध पोटात घेऊनच मी उठते, बसते, नोकरी करते आणि सकाळपासून तुमच्या रांगांत उभी आहे! हे पत्र. हा शिक्का. चोर कुणाला म्हणता?"

पहारेकरी टोपी काढून ती उगीचच झटकू लागला. उस्ताद तेवढा चाचरत म्हणाला, "बाई, तुमच्यावर विश्वास आहे. पण माझ्या अकरा वर्षांचा प्रश्न आहे हो! ते पाणी नेमकं किती?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर काटेताईनं त्याला फाडून खाल्लं असतं. पण वजनाचा प्रश्न! एका वजनवाल्याचा दुसऱ्या वजनवाल्याला! तिनं घड्याळ बघितलं. साडेबाराला पाच कमी.

"चला, मोजूनच दाखवते!"

आणि निघाली वरात. पुढे काटेताई आणि चिमटी, मागे पिशवी छातीशी धरलेला नवरा, मग उस्ताद, पहारेकरी आणि सावरलेल्या आजीबाई. प्रथमोपचाराच्या खोलीतल्या सिस्टरनं पत्र वाचलं, पिशवी कुठं गळत नाही ना ते तपासलं, आणि घरचे नि उस्ताद सोडून बाकीच्यांना बाहेर काढलं. आतला कारभार चिमटीनं हातात घेतला.

"काका, हात कोपरापर्यंत धुवा. अजून. अजून! आता मास्क. मिशीपण आत घाला."

"मिशी मावत नाही गं बाळ."

"मावते. दाबा."

खिडकी बंद, पंखा बंद. चिमटीनं ओठांवर बोट ठेवलं. "आता बोलायचं नाही. आई नळी जोडतेय." अकरा वर्षं गर्दीपुढे गरजणारा उस्ताद वीस मिनिटं शाळेतल्या पोरासारखा हाताची घडी घालून बसला. खाली ठेवलेली रिकामी पिशवी हळूहळू भरली, मग नवऱ्याच्या उबेतली पिशवी खुंटीवरून काटेताईच्या पोटात उतरली. नळी बंद करून काटेताईनं भरलेली पिशवी उचलली, हातात जराशी झुलवली आणि म्हणाली, "पिशवीचं वजन सोडून दोन किलो तीनशे."

सिस्टरनं पिशवी ताणकाट्याला अडकवली, पिशवीचं वजन वजा केलं. दोन किलो तीनशे. बरोब्बर!

उस्तादाची मिशी मास्कमधून टणकन बाहेर आली. "नुसत्या हातानं?"

"नऊ वर्षं पार्सल खिडकी!" काटेताई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की खोलीत दिवा लावायची गरज नव्हती. पण सवय वाईट! तोंड आपोआप पुढचा हिशेब करत सुटलं, "म्हणजे पंचावन्न दोनशेतून दोन तीनशे गेले... बावन्न नऊशे. तुम्ही साडेबावन्न म्हणालात. चारशेचाच फरक... अरेच्चा! उस्ताद, तुम्ही बरोबर होतात!"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अगं, तुला कुणी विचारलं होतं?"

"काट्यापुढे खोटं बोलू? पाणघोडा तुमचा, उस्ताद."

"छे छे! माझ्या काट्यानं पंचावन्न दोनशे दाखवले. मी चुकलो."

"तुम्ही नाही चुकलात!"

"चुकलो म्हणतोय ना!"

दोघंही हरायला इतकी हातघाईवर आलेली माणसं सिस्टरनं आजवर बघितली नव्हती. शेवटी नवरा मध्ये पडला. "एक मिनिट. पार्सलचं वजन कसं धरतात?"

काटेताई अगदी हळू म्हणाली, "आतल्या मालासकट."

"संपलं!" उस्ताद म्हणाला, आणि दार उघडून बाहेर ठेवलेला कर्णा उचलला.

पहारेकऱ्यानं पाणघोडा स्वतःच्या खांद्यावरून आणून दिला. वर एक चाकांची खुर्चीही आणली. काटेताईनं मान हलवली. एवढी तरी अट पाळायला नको? मग त्या खुर्चीवर पाणघोडा बसला आणि काटेताईनं तो ऐटीत ढकलत पार्कभर मिरवला.

कुणाला काही सांगायचं नव्हतं, ती गोष्ट मात्र विसरा. चिमटी प्रत्येक रांगेत शिरून सांगत होती, "माझी आई जिंकली! तिच्या पोटात दोन लिटर आहेत! तुमच्या आईच्या पोटात किती?" बिचाऱ्या आया आपापल्या पोटाकडे बघायच्या. काटेताई तिला गप्प करायला तोंड उघडायची आणि प्रत्येक वेळी नुसतीच हसायची.

संध्याकाळी तिघं आणि पाणघोडा छोट्या आगगाडीत बसले. चिमटी आईला टेकून गप्प झाली होती. दमली असेल, असं वाटलं काटेताईला. पण नाही, डोक्यात गिरणी चालू होती.

"आई, तुला नवी किडनी मिळाली ना, की पिशव्या बंद?"

"बंद!" काटेताई म्हणाली. हा तिचा सगळ्यांत लाडका प्रश्न.

"पोटात पाणीपण नाही भरायचं?"

"एक थेंबसुद्धा नाही!"

चिमटीनं पाणघोड्याकडे बघितलं, आईच्या पोटाकडे बघितलं, आणि मोठ्या काळजीनं विचारलं,

"मग गं, आपण जिंकायचं कसं?"