घरगुती रेकॉर्डरचा पुरेपूर उपयोग

गेलेली वेळ परत येत नाही, हा सृष्टीच्या कारभारातला फार जुना दोष आहे. त्यावर मोठमोठ्या माणसांनी चिंता व्यक्त केली, दुरुस्ती मात्र कुणी केली नाही. शेवटी हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अंगावर घेतलं आणि बुटांच्या खोक्याएवढ्या एका काळ्या पेटीत ते उरकून टाकलं. ही पेटी टीव्हीखाली ठेवायची, तिला तार जोडायची, आणि जगात जे काही चाललं असेल त्याला सांगायचं, "थांब, तुझ्याकडे नंतर बघतो."

या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे. मी घरगुती उपकरणांची माहितीपुस्तकं लिहितो. रेकॉर्डरचंही पुस्तक मीच लिहिलं. एकशे बारा पानं. ते पूर्ण वाचलेला एकच ग्राहक मला माहीत आहे, आणि तो माझा थोरला भाऊ आहे. दादाने ते दोनदा वाचलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि नऊ चुकांची यादी माझ्या हातात दिली. (त्यातल्या दोन चुका नव्हत्या. तो अजून मानत नाही.)

दादा एका मोठ्या कार्यालयात एकतीस वर्षं रेकॉर्ड रूमचा प्रमुख होता. तिथल्या फायली कुणी मागत नसे, आणि कुणी मागत नसे म्हणूनच त्या इतक्या व्यवस्थित राहिल्या होत्या. एकतीस वर्षांत एकदाच एक फाइल तातडीने मागवण्यात आली. ती सापडली. मागणारे साहेब निवृत्त होऊन तेव्हा दोन महिने झाले होते, पण सापडली. अशा माणसाला निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी रेकॉर्डर भेट द्यावा, यात त्यांनी नक्की काय विचार केला होता कुणास ठाऊक. बहुधा केला नसावा.

या यंत्रावर दोन वाहिन्या रेकॉर्ड होत असताना तिसरी बघता येते. दादाने याचा अर्थ लगेच ओळखला. साधा माणूस एका तासात एक तासच जगतो. दादाला तीन मिळणार होते.

"आणि हे सगळं बघणार कधी?" वहिनीने विचारलं.

"नंतर," दादा म्हणाला. नंतर ही जणू घराच्या मागच्या बाजूची एक हवेशीर खोली होती आणि तिची किल्ली त्याच्या खिशात होती.

मग रीतसर कामकाज सुरू झालं. एक नोंदवही आली. कार्यक्रमांना महत्त्वानुसार अ, ब, क असे वर्ग मिळाले. (वर्ग 'अ' हा मोठ्या माणसांच्या अंत्ययात्रांसाठी राखीव होता.) कुणाला काही रेकॉर्ड करून हवं असेल तर दोन दिवस आधी चिठ्ठी द्यायची. घरात माणसं दोनच असल्यामुळे चिठ्ठ्या फक्त वहिनीच्याच यायच्या, पण नियम सगळ्यांना सारखा.

तिसरी वाहिनी बघण्याचा प्रश्न मात्र लवकरच निकालात निघाला. जे रेकॉर्ड होतंय ते त्याच वेळी बघणं म्हणजे एकच काम दोनदा करणं. आणि जे रेकॉर्ड करण्याच्या लायकीचं नाही ते बघायचं कशाला? या विचारातून जे उरलं तेवढं दादा बघू लागला, म्हणजे काहीच नाही. घरात टीव्हीचा सर्वांत जास्त साठा झाला आणि टीव्ही बंद राहू लागला. डोळ्यांना आराम मिळाला.

पहिल्या वर्षाअखेर दादाने अहवाल तयार केला. एकूण रेकॉर्डिंग : एक हजार आठशे सेहेचाळीस तास. प्रत्यक्ष पाहिलेलं : अकरा तास वीस मिनिटं. यातले सात तास रेकॉर्डिंग नीट झालंय का हे तपासण्यात गेले. तीन तास गांडुळांवरच्या एका मालिकेत गेले. ती चुकून रेकॉर्ड झाली होती, आणि चूक कुणाची हे ठरवायचं होतं. (वहिनीची ठरली.) उरलेला वेळ पाहुण्यांना यंत्र दाखवण्यात गेला. दोन तासांचा सिनेमा रेकॉर्ड करून न पाहिल्यास दोन तास वाचतात, या साध्या गणिताने दादाने त्या वर्षी अठराशे चौतीस तास चाळीस मिनिटं वाचवली. इतकं वाचवणारा माणूस आमच्या घराण्यात पूर्वी झाला नव्हता.

तब्येतीलाही फायदा झाला. डॉक्टरांनी कंबरेसाठी व्यायाम सांगितला तेव्हा दादाने सकाळी सहाच्या व्यायामवर्गाचं रेकॉर्डिंग लावलं.

"व्यायाम चालू आहे का?" तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं.

"रोज. सकाळी सहाला. एक दिवस खाडा नाही," दादा म्हणाला, आणि यंत्राने खरोखरच एकही खाडा केला नव्हता. डॉक्टर खूश झाले. पोट का वाढतंय याचा मात्र त्यांना उलगडा होईना.

रेकॉर्डिंग चालू असताना यंत्रावर एक बारीक लाल दिवा लागतो. दादा रोज दुपारी खुर्ची ओढून त्या दिव्यासमोर बसायचा आणि शेवटपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायचा नाही. शेजारच्या खुर्चीवर वहिनी विणत बसायची. तीन महिने ती एक मोरपंखी रंगाचा स्वेटर विणत होती. मी खालच्या मजल्यावर राहतो; एकदा वर त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, गळा गोल करू की व्हीचा?"

"दोन्ही होतील. दोन वाहिन्यांची सोय आहे," दादा म्हणाला.

वहिनी एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. जगातल्या नद्या तिला शेजारणींसारख्या पाठ होत्या : कोण कुठून निघते, वाटेत कुणाकुणाला भेटते, शेवटी कुठे जाते. तिने टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेला नाव पाठवलं. कार्यक्रम दर मंगळवारी दुपारी चार वाजता, थेट प्रक्षेपण. तिची निवड झाली. हे तिने दादाला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी साक्षीला होतो. दादाने नोंदवही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : मंगळवार, चार ते पाच, प्रश्नमंजुषा. वर्ग अ.

त्याच्या बाजूने हा अभिमानाचा कळस होता, हे मी नमूद करू इच्छितो.

"तुम्ही याल ना बरोबर स्टुडिओत?" वहिनीने विचारलं.

"मी आलो तर रेकॉर्डिंग कोण बघणार?"

"तुम्ही रेकॉर्डिंग बघता?"

"चालू आहे का ते बघतो."

वहिनी एकटी गेली. अंगात तो नवा स्वेटर होता. जिना उतरताना आमच्या दाराशी थांबून तिने विचारलं, "बरा दिसतोय ना, भावजी?" मी म्हटलं, झकास.

मंगळवारी चारला पाच मिनिटं असताना मी वर दादाकडे गेलो. दादा लाल दिव्यासमोर बसला होता. टीव्हीचा पडदा काळा.

"अरे, लाव की टीव्ही!"

"पडदा लावला की यंत्रावर ताण येतो."

"असं पुस्तकात कुठेही नाही. मीच लिहिलंय ते."

"मग पुढच्या आवृत्तीत घाल," दादा म्हणाला.

मी खाली येऊन माझा टीव्ही लावला. बातम्या लांबल्यामुळे कार्यक्रम चार मिनिटं उशिरा सुरू झाला. वहिनीने कमाल केली. वाळवंटं, सामुद्रधुन्या, दोन राजधान्या असलेले देश, सगळं तिने घरातले डबे ओळखावेत तसं ओळखलं. समोरचा बँकेतला गृहस्थ घाम पुसत राहिला. पाच वाजून गेले तरी कार्यक्रम चालूच होता, कारण शेवटचा 'घरच्यांचा प्रश्न' बाकी होता. त्यात स्पर्धकाच्या घरी फोन लावतात आणि एक सोपा प्रश्न विचारतात. उत्तर बरोबर आलं की थेट अंतिम फेरी.

"घरी कोण आहे, काकू?" निवेदिकेने विचारलं.

"आमचे हे आहेत," वहिनी म्हणाली आणि स्वेटर हाताने सारखा केला. "बघतच असतील."

फोनची घंटा माझ्या टीव्हीत वाजली आणि त्याच वेळी माझ्या डोक्यावर, छतापलीकडेही वाजली. दादाने फोन उचलला.

"नमस्कार काका! आम्ही टीव्हीवरून बोलतोय. कार्यक्रम बघताय ना?"

"रेकॉर्ड करतोय."

"वा! मग अगदी सोपं आहे. काकूंनी आज कोणत्या रंगाचा स्वेटर घातलाय?"

मी स्टुलावर चढून झाडूच्या दांड्याने छत बडवलं आणि ओरडलो, "मोरपंखी!" वरून दादाने दोनदा पाय आपटला. फोन चालू असला की तो असाच मला गप्प करतो.

"दहा सेकंद, काका."

"ती आत्ता तिथेच आहे ना? तुमच्यासमोर?"

"हो, अगदी समोर!"

"मग अंदाज कशाला करायचा? नोंद होतेय. सवडीने बघून कळवतो."

स्टुडिओ हसून लोटपोट झाला. कॅमेरा वहिनीवर आला. तीही हसली. इतरांपेक्षा जरा कमी, आणि इतरांच्या आधी थांबली.

"काका, कुठलाही एक रंग सांगून टाका!"

"मी अंदाजाने नोंद करत नाही," दादा म्हणाला. तेवढ्यात भोंगा वाजला.

अर्ध्या तासाने वहिनीचा फोन माझ्याकडे आला. थेट प्रवेश हुकला होता, पण गुण भरपूर होते. आणखी एक फेरी खेळायची होती आणि ती जिंकली तर लगेच अंतिम फेरी, त्यासाठी आठ दिवस तिथल्याच अतिथीगृहात राहायचं होतं.

"यांना सांगा, भावजी."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर लिहून ठेवतील. तुम्ही सांगा, म्हणजे ऐकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दादाला पिशवी देताना विचारलं, "कोणता रंग, काका?" औषधाच्या दुकानात तेच. वरच्या मजल्यावरच्या पोरींनी जिन्यात तेच विचारलं आणि पळाल्या. दादा माझ्याकडे आला तो तावातावाने. "असं काही घडलेलं नाही. माझ्याकडे नोंद आहे."

आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. यंत्र चार ते पाच लावलेलं. पाचच्या ठोक्याला ते इमानदारीने बंद झालं. फोन आला पाच वाजून तीन मिनिटांनी. अधिकृत नोंदीत तो फोन नव्हताच. होती ती फक्त सगळ्या गावाची ऐकीव माहिती. हे मला सिद्ध करून दाखवण्यासाठी दादाला रेकॉर्डिंग लावावं लागलं, आणि काही वगळलं नाही हे दाखवण्यासाठी पूर्ण लावावं लागलं. अशा रीतीने, केवळ हट्टापायी, त्याने रेकॉर्ड केलेला एक कार्यक्रम पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहिला.

दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "हिने चष्मा कधी बदलला?"

"गेल्या वर्षी."

"आणि केस?"

"केस हळूहळू."

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, "स्वेटर छान आहे. कुठून आणला?"

"तुझ्या शेजारच्या खुर्चीवरून."

यावर त्याने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. निवेदिका प्रश्न विचारते, वहिनी क्षणभर खाली बघते, मग उत्तर देते. "उत्तर येत असलं की ती आधी थोडी थांबते," दादा म्हणाला. "येत नसलं तर लगेच बोलते. हे मला माहीत होतं." मग जरा वेळाने, "पूर्वी माहीत होतं."

पुढचे आठ दिवस यंत्राचा गैरवापर झाला, असंच मला व्यावसायिक दृष्टीने म्हणावं लागेल. अठराशे तासांचा माल पडून असताना दादा ती एकच छप्पन्न मिनिटं रोज लावत होता. नवीन काही रेकॉर्ड झालं नाही. व्यायामवर्ग बुडाला. दोन अंत्ययात्रा हुकल्या. नोंदवहीची आठ पानं कोरी राहिली, आणि ती का कोरी आहेत याचा शेराही त्याने लिहिला नाही.

नवव्या दिवशी दुपारी वहिनी आली. अंतिम फेरीत तिचा दुसरा नंबर आला होता. दादा जिन्यात उभा होता. तिच्या हातातली बॅग घेत तो म्हणाला, "मोरपंखी."

"मला विणायला तीन महिने लागले," वहिनी म्हणाली. "तुम्हाला ओळखायला आठ दिवस. तुमच्या मानाने लवकरच."

ती खुर्चीत टेकली, पाय लांब केले आणि सांगायला लागली. अतिथीगृहात खोलीत जोडीला पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या झोपेत पत्ते म्हणायच्या. पावडर थापणारीने विचारलं होतं, "काकू, सुरकुत्या ठेवू की काढू?" दादा ऐकत होता. मध्ये "मग?" म्हणत होता. चाळीस मिनिटं त्याने कुठेही नजर वळवली नाही. शेवटी वहिनीने अंतिम फेरीच्या पडद्यामागची काहीतरी अशी गोष्ट सांगितली की दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दादाने तर पोट धरलं.

काय सांगितलं, ते तुम्हाला जाणून घ्यायचं असणार. दुर्दैवाने मला सांगता येत नाही. असा प्रसंग आमच्या घरात पुन्हा कधी घडेल कुणास ठाऊक, म्हणून मी मोबाइल काढून चित्रण करत होतो, दोघं चौकटीत नीट बसत नव्हती, त्या खटपटीत ऐकायचं राहिलं. चित्रण मोबाइलमध्ये आहे. सवड झाली की बघणार आहे.

तुम्ही हसलात, ते योग्यच आहे. फक्त एक विचारतो. तुम्ही हे वाचत असताना मघाशी घरातलं कुणीतरी तुमच्याशी काहीतरी बोललं. तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. ते काय म्हणत होतं? आठवून बघा. विचारायला जाल तर ते माणूस आता तिथे नाही. थोडा वेळ थांबून ते आत निघून गेलं.