रेघांखालच्या वन्सं

"कसाही खराब फोटो आणा, नव्यासारखा करून देतो," जावईबापूंनी सासुरवाडीत पाय ठेवल्या ठेवल्या जाहीर केलं. त्यांच्या कंपनीच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी नुकत्याच दोन नव्या सोयी बसवल्या होत्या. एक फोटोवरचे ठिपके नि खरखर गणिताने पुसून टाकायची आणि दुसरी ओरखड्याखालची जागा आजूबाजूचे रंग बघून भरून काढायची. आनंद पोटात मावत नव्हता. शिवाय लग्न झाल्यापासून सासूबाईंना एकच शंका होती, की हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून नक्की करतो काय? आज त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक तरी शब्द काढायचाच, असा पण करून स्वारी आली होती.

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. जावईबापूंनी कपाटातला अल्बम उघडला आणि त्यांना घबाडच सापडलं. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो, आणि सासऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला उभ्या बाईच्या चेहऱ्यावर बॉलपेनच्या रेघाच रेघा!

"कुण्या पोराने वाट लावलीय," ते बायकोला म्हणाले. "आता बघच तू."

फोटो स्कॅन झाला. ठिपके गेले. मग त्यांनी रेघांवर खुणा करून बटण दाबलं, तशी रेघ न् रेघ विरत गेली आणि खालून गुबगुबीत गाल, टपोरे डोळे नि विजयी हसू वर आलं. जावईबापू खुर्चीतून उठून जवळजवळ नाचलेच.

"अय्या, ही तर आत्या," बायको म्हणाली, आणि तिने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

सासूबाई ट्रे घेऊन आल्या आणि स्क्रीनकडे बघत जागच्या जागी थांबल्या.

"रेघा कुठे गेल्या?"

"पुसल्या, आई. कुणी मारल्या होत्या कोण जाणे."

"मी." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "माझ्याच लग्नात, माझ्यादेखत वन्सं म्हणाल्या, भावाला याहून बरी मिळाली असती. फोटो हातात आला, त्या दिवशी पेन संपेपर्यंत गिरवलं मी."

तेवढ्यात फोन वाजला. वन्संच होत्या. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "वहिनी, मला वाटलं तुमच्या मनात अजून राग आहे. आणि तुम्ही माझा चेहरा असा जपलात! उद्याच निघते. चांगली महिनाभर राहते."

जावईबापूंना चहाचा ठसका लागला. सासूबाई मात्र गोड हसल्या, हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"आई, पुन्हा रेघा मारून देऊ का?"

"छे हो. काम अगदी चोख आहे तुमचं."

लग्नानंतरचं पहिलं कौतुक! जावईबापूंची छाती फुगली.

"वन्संनाही तेच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या, "की हे सगळं जावयांनी केलं. पत्ताही तुमच्याच घरचा दिलाय त्यांना."