स्वर्गाची मोजणी

जगाचा शेवट हे तसे सरकारी कामच आहे. होणार हे सगळ्यांना ठाऊक असते, नोटीस तेवढी वेळेवर मिळत नाही. ही उणीव यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांनी फार पूर्वीच भरून काढली. त्यांत शेवटाचा क्रम रीतसर दिलेला आहे: आधी कर्णे वाजणार, मग तारे पडणार, मग नवी पृथ्वी मिळणार. (जुन्या पृथ्वीचा मोबदला कुणाला, असल्या शंकांना तिथे जागा नाही.)

१९२८ साली हे ग्रंथ घेऊन मिशनचे उपदेशक सावळाराम मास्तर भोरजवळच्या उत्रोलीत आले. ऐकायला गेनबा सगळ्यांच्या पुढे बसला. त्याचे गाव धरणाखाली गेले होते. घराचे वासे काढून त्याने मेव्हण्याच्या गोठ्यात रचले होते, आणि ते आता कुठे उभे करायचे हा त्याला घोर होता. पुन्हा बुडणार नाही अशी जागा त्याला हवी होती. ती पृथ्वीवरचीच पाहिजे असा त्याचा हट्ट नव्हता.

"पृथ्वीचा तिसरा हिस्सा जळून जाईल," मास्तरांनी वाचले.

"तिसराच?" गेनबा म्हणाला. "आमचा समदा गेला."

देव सरकारपेक्षा पुष्कळ मवाळ निघाला, याचे त्याला फार बरे वाटले. मास्तरांनाही हुरूप आला. त्यांनी नव्या नगरीचे वर्णन काढले: सोन्याचे रस्ते, बारा वेशी, आणि सोन्याची काठी घेऊन नगरी मोजणारा देवदूत.

गेनबाचा चेहरा उतरला. "मोजनी झाली म्हनता?"

"झाली."

"आन् नदी हाय?"

"जीवनाच्या पाण्याची. नगरीच्या मधूनच वाहते."

गेनबाने बायकोकडे, बनाबाईकडे पाहिले. त्याच्या गावातही नदी मधूनच वाहत होती, आणि मोजणीचा साहेबही असाच काठी घेऊन आला होता. (काठी लाकडाची होती, एवढाच फरक.) मास्तरांनी आधाराला घाईघाईने जुना यहुदी ग्रंथ उघडला. त्यातही देवदूत मोजतच होता. पाणी आधी घोट्याला लागले, मग गुडघ्याला, मग कमरेला, आणि पुढे पार करण्याजोगे राहिलेच नाही.

"आमच्यात बी आसंच चढलं," बनाबाई म्हणाली. "चला आवं. तितं न्हाई घर बांधायचं."

गेनबा उठला, पण त्याचा पाय निघेना. "मास्तर, तितल्या लोकास्नी कुनी सांगितलंय का? भांडीकुंडी तरी येळेत हलवत्याल बिचारी."

मास्तरांनी ग्रंथ मिटला.

वाचकांनी मात्र घाबरू नये. गेनबाच्या गावावरचे पाणी पाटाने खाली गेले, तिथे ऊस पिकला, उसाची साखर झाली. सगळे ठरल्या क्रमाने पार पडले. या साऱ्या कामकाजात आपल्याला एकदाच विचारण्यात आले, चहात साखर किती. आपण दोन चमचे म्हणालो.