भाल्यांच्या कारखान्यातलं गुपित

एका जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. शेजारच्या जंगलाशी चाललेली लढाई थांबावी म्हणून तिने सोळा सोमवारांचा नवस केला होता. देवाने ऐकलं. लढाई थांबली. साळूबाईचा नवरा गुणाजी ज्या कारखान्यात भाले घडवायचा, तिथलं कामही थांबलं.

देव नवसाला पावतो, मुलांनो. पुढचं विचारत बसत नाही.

सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "भाले पुरे. आता प्रजेला लागेल ते घडवा. दिवाळीपर्यंत खपलं तर ठीक, नाहीतर कारखान्याला कुलूप."

कारखान्यावर गेंडासाहेब नेमले गेले. साहेबांचा जन्म भाल्यांत गेलेला. त्यांनी जुने नियम तसेच ठेवले. घडवलेली वस्तू ढाल फोडणारी हवी. आणि इथे काय घडतं ते बाहेर कुणाला कळता कामा नये.

इकडे साळूबाईचं उद्यापन अडलं होतं. सोळा जोडपी जेवायला, पुऱ्या तळायच्या आणि घरात झारा नाही. जंगलातलं सगळं लोखंड लढाईने खाल्लं होतं.

"अहो, हल्ली काय घडवता तुम्ही?"

"सांगता येत नाही."

"मग घेणार कोण?"

"साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाने आपलं आपण ओळखावं."

साळूबाई कारखान्याच्या दारात गेली. "झारा मिळेल का हो?"

गेंडासाहेब दचकले. "झारा? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पुऱ्या तळायच्यात."

"सगळे हेर असंच म्हणतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी पहारा दुप्पट केला.

मग ते दरबारात गेले. "महाराज, प्रजेला या वस्तूची गरजच दिसत नाही."

"कुठल्या वस्तूची?"

"तेवढं विचारू नये, महाराज."

दिवाळी तोंडावर आली. साळूबाईने देवापुढे निरांजन लावलं. "आपल्या माणसाने सांगितलं तर त्याला तुरुंग. परक्याने चोरलं तर आपल्याला पाप नाही. देवा, एक चांगलासा चोर पाठव. आणखी सोळा सोमवार करीन."

देवाने शेजारच्या जंगलातलं मुंगूस पाठवलं. एवढा पहारा बघून त्याला वाटलं, आत भयंकर अस्त्र असणार. त्याने एक नमुना पळवला. तिकडच्या राजाने घाबरून आपले सगळे भाले वितळवले आणि तसलीच अस्त्रं पाडली. ती चालवायची कशी, ते मात्र सेनापतीला उमगेना. शेवटी राजाच्या आचारणीने एक हातात घेतलं आणि कढईतली भजी काढली.

पुढच्याच आठवडी बाजारात तिकडच्या झाऱ्यांचे ढीग लागले.

"शत्रूला कळलंच आहे," गेंडासाहेब म्हणाले, "तर आता आपल्या प्रजेला सांगायला हरकत नाही."

तिकडचा झारा चार पुऱ्यांच्या भाराने वाकायचा. इकडचा ढाल फोडायचा. बायकांनी इकडचाच नेला. कुलूप टळलं.

त्या संध्याकाळी गुणाजी झारा घेऊन घरी आला. "अगं, मी झारे घडवतो."

"बाई बाई, पत्ता लागू दिला नाहीत हो," साळूबाई म्हणाली आणि तिने तेल तापत ठेवलं.

तात्पर्य: सरकारने मनावर घेतलं, तर शस्त्रांच्या कारखान्यात झारे नक्की होतात. फक्त आधी शत्रूच्या कारखान्यात होतात. तेव्हा मुलांनो, तुम्हीही सोमवार धरा आणि देवाकडे शेजारचा एक हुशार चोर मागा.