बिननात्याची सहल

"या रविवारी सोनगीरचा किल्ला! एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. खर्च नाही, दगदग नाही आणि नातेवाईक तर औषधालाही नाही!" हितेंद्रनं जेवता जेवता जाहीर केलं.

शेवटची अट सोपी नव्हती बरं का! धुळ्याच्या शाळेतला हा क्लार्क आठवडाभर जागा शोधत होता. भुसावळला मामा, पारोळ्याला आत्या, अमळनेर तर बायकोचं माहेर. खान्देशात पाहुण्यांच्या गावी जाऊन त्यांच्या घरी चहा न घेता परतलात, तर पुढची दहा लग्नं टोमणे ऐकावे लागतात. सोनगीर तेवढं कोरं होतं.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, दिपमालासाठी. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि माहेरी हक्कानं बोलावणारं कुणी उरलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या साऱ्या सुना माहेरी जायच्या, ही मात्र नणंदांसाठी पुरणपोळ्या लाटायची. तिला एक दिवस निवांत मिळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्या निवांतपणासाठी बिचारीनं पहाटे उठून दशम्या केल्या, ही गोष्ट वेगळी!

एसटीत शेजारी एक म्हातारी बसली. नाव झुंबरबाई, मुक्काम सोनगीर.

"कोठला शेतस भाऊ?"

"लांबचे!" हितेंद्र सावध झाला.

म्हातारीनं त्याचा नाद सोडला आणि दिपमालाच्या डोक्यावरून हात फिरवला. "थकी गई ना बेटा? माहेर कोठलं तुनं?"

"अमळनेर."

"मंग कौतिक पाटीलले वळखस का? मना मावसभाऊ शे!"

हितेंद्रनं बायकोचा पाय दाबला. दिपमालानं पाय बाजूला घेतला आणि ती म्हणाली, "मना काकाच शेतस ना!"

"ओ माय! मंग तू मनी भाची!"

संपलं! सोनगीर आलं, समोर टेकडीवर किल्ला दिसला आणि म्हातारी दिपमालाचा हात धरून उलट दिशेला चालू लागली.

"आजी, किल्ला..."

"किल्ला काय पयी जास का? जवाईले उपाशी धाडू का मी?"

भरीत आलं, कळण्याची भाकरी आली. भाची बघायला गल्ली आली, प्रत्येकीनं जावयाला चहा पाजला. हितेंद्र चारदा उठला, चारदा बसवला गेला. त्यांची छोटी लेक शीतल झोक्यावरून उतरेना. दिपमाला ताट उचलायला गेली, तर म्हातारी कडाडली, "लेक शेस तू आठे! बस!" तिनं भाचीच्या केसांना तेल लावलं आणि दिपमाला खाटेवर गाढ झोपली.

तिला उठवायला गेलेला हितेंद्र तिथेच थबकला. इतका शांत चेहरा त्यानं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्यानं हळूच पंखा वाढवला आणि मुकाट्यानं पाचवा चहा प्यायला गेला.

निघताना त्याला टोपी-टॉवेल मिळालं, दिपमालाची ओटी भरली गेली. "आखाजीले येशी ना व?" म्हातारीनं तिचा हात धरून विचारलं. दिपमालानं मान हलवून तिला नमस्कार केला.

परतीच्या एसटीत हितेंद्रनं विचारलं, "हे कौतिककाका कोणते गं? आपल्या लग्नात दिसले नाहीत."

दिपमालानं त्याची टोपी सरळ केली. "मी तरी कुठं पाहिलेत! पण 'थकलीस का' असं आई गेल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं हो. मग काका आपोआप निघाले तोंडातून!"

हितेंद्र ओशाळला. आपणही विचारलं नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं.

"आखाजीला दोघींना मीच पोचवीन," तो म्हणाला. "नणंदांच्या पोळ्या मी बघतो!"

अशा रीतीनं नातेवाईक टाळायला निघालेला हा गृहस्थ टोपी-टॉवेलासकट नवी सासुरवाडी घेऊन घरी आला. किल्ला त्यानं अजून पाहिलेला नाही, आणि पोळी लाटायचं शिकणं चालू आहे!