दुखतो नव्हे, दुखतं

उद्या आमच्या घराला आग लागली आणि मी 'आग लगली' असं ओरडत बाहेर आले, तरी शेजारचे वझेअण्णा आधी म्हणतील, "'लगली' नव्हे, 'लागली'. हं, आता सांगा, कुठे?" कारखान्यातून निवृत्त झाले, उभा जन्म भोपाळात गेला, पण मराठीत हिंदी मिसळलेली त्यांना खपत नाही. आनंद नगरातला भाजीवालासुद्धा त्यांना पाहिलं की 'धनिया' सोडून 'कोथिंबीर' म्हणतो.

मध्यंतरी इथल्या एका हॉस्पिटलातल्या नर्सला पेशंटांचे खून केल्याबद्दल जन्मठेप झाली. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "सिस्टरला शिक्षा झाली." ग्रुपवर समोरच्या मिश्राभाभीही आहेत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्यांनी लगेच टाकलं, "बधाई हो, आगे भी पढ़ाइए." अण्णांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

पुढे काही डॉक्टर म्हणू लागले, पुरावा कच्चा आहे, तिला उगाच अडकवलंय. झालं. बागेतल्या बाकांवर रोज संध्याकाळी कोर्ट भरायला लागलं. माझी जाऊ रश्मी इथेच वाढलेली. ती म्हणाली, "तिनेच मारलंय, पक्का."

"मारलं म्हणजे? हात उगारला की जीव घेतला? नीट बोला," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "बिचारीला बळीचा बकरा केलंय."

"बिचारी कशावरून?"

दोन्ही बाजूंना दुरुस्त्या, स्वतःचं मत मात्र काही केल्या देईनात. मला भारी राग यायचा. म्हातारा काठावर बसून मजा बघतोय, दुसरं काय.

एकदा रश्मी बोलून गेली, "अण्णा, आपल्या मंगलाकाकू त्याच वॉर्डात गेल्या ना? तिथे हीच सिस्टर होती ना?"

अण्णा उठले आणि घरी गेले. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. आत शिरताना माझं कोपर दाराला सणकून आपटलं.

"दुखतो का?" अण्णांनी विचारलं.

मी बघतच राहिले. कोपर दुखतो, आणि अण्णांच्या तोंडून?

ते ओशाळले. "ती सिस्टर असं बोलायची. मंगलाला रोज विचारायची, 'पोट दुखतो का, काकू?' मी म्हणायचो, दुखतो नव्हे, दुखतं. मंगला हसायची. त्या दिवसांत तेवढंच काय ते हसायची."

मी खुर्ची ओढून बसले.

"लोक म्हणतात ते खरं असेल, तर मी रोज मंगलाला तिच्या हवाली करून घरी जेवायला येत होतो. आणि खोटं असेल, तर ती बिचारी आत बसलीय आणि मी बागेत. जेलमध्ये जाऊन तिलाच विचारावं म्हणतो. पण वाक्य जुळत नाही."

"कसलं वाक्य?"

"'मंगलाला काय केलंस?' असं विचारू, की 'मंगलासाठी काय केलंस?' असं?" ते माझ्याकडे बघत होते. "तुम्हीच सांगा, काय बरोबर?"

आजवर अण्णांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मला रडू आलं. मी खिचडीवर ताटली झाकली.