पेल्याला पाय नसतात

आजोबांनी बत्तीस वर्षं कारखान्यात काचेचे पेले खोक्यांत भरले आणि एकाला साधा चरा पडू दिला नाही. निदान ते तसं सांगायचे, आणि खरंखोटं करायला पेले काही परत आले नव्हते. तेव्हा सुनेच्या पहिल्या रात्रपाळीला नातवाला सांभाळायचं कोणी, हा प्रश्न निघाल्याबरोबर ते छाती काढून म्हणाले, “मी आहे की. पेल्यात आणि पोरात फरक काय? पेल्याला पाय नसतात, एवढाच.”

“तेवढ्यातच सगळं आलं, बाबा,” सून म्हणाली.

नातू दीड वर्षाचा. घरात त्याला ढब्बू म्हणत. देवाने त्याला दिवसभर चालायला पाय दिले होते, पण तो ते रात्रीच जास्त वापरायचा. पांघरूण घातलं की लाथ, पुन्हा घातलं की पुन्हा लाथ. गेल्या महिन्यात असाच रात्रभर उघडा राहिला आणि आठ दिवस नाक गाळत बसला. सून दवाखान्यात परिचारिका. दीड वर्षाने कामावर परत निघालेली, नवरा कामासाठी परगावी. तिने स्वतःशी ठरवलंच होतं की आज पोराचे हाल झाले तर सकाळी मेट्रनबाईंना सांगायचं, रात्रपाळी जमणार नाही. आणि रात्रपाळी नाही तर नोकरी नाही, हे मेट्रनबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून आजोबांनी ही रात्र म्हणजे जन्मातलं शेवटचं खोकं समजून मनावर घेतली.

सुनेने कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. उशी नको. मोकळं पांघरूण नको, तोंडावर येतं. झोपेत टोपी नको. हीटर पलंगापासून लांब.

आजोबांचा जीव कळवळला. ढब्बूच्या कठड्याच्या पलंगात चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी, आणि खोक्यात पोकळी राहिली की माल फुटतो ही त्यांची बत्तीस वर्षांची शिकवण. “नुसत्या चार उश्या ठासतो कडेने,” ते म्हणाले.

“कागद वाचा,” आजी म्हणाल्या. त्यांनी मऊ धाबळीचा बिनबाह्यांचा झगा शिवला होता, पायाकडून पिशवीसारखा बंद, पुढे गळ्यापासून खालपर्यंत चेन. लाथा मारायच्या तर आतल्या आत मार म्हणावं.

निघताना सून म्हणाली, “बाबा, गार पडलाय का ते हातापायांवरून बघू नका, ते गारच लागतात. मानेमागे हात लावायचा. आणि हात धुऊन हं.”

“धुऊन,” आजोबा म्हणाले, आणि वहीत टिपून घेतलं.

दहा वाजता आजोबांनी नळाखाली हात धुतले. थंडीचे दिवस, पाणी असं की बोटं कुणा दुसऱ्याची वाटावीत. त्यांनी ढब्बूच्या मानेला हात लावला. ढब्बू झोपेतच शहारला. मान तव्यासारखी.

“अगं, ताप आहे याला.”

आजी बाहेरच्या खोलीत झोपल्या होत्या. “झोपलेलं पोर उबदारच असतं,” त्या कूस बदलत म्हणाल्या.

आजोबांनी चेन उघडून आतलं स्वेटर काढलं, चेन लावली आणि वहीत लिहिलं: दहा, गरम. मग त्यांना वाटलं, गार हाताने लेकरू दचकलं. म्हणून साडेदहाला त्यांनी पाणी चांगलं कढत करून हात धुतले. मान गार लागली. स्वेटर पुन्हा आत. साडेदहा, गार. अकराला कढत पाणी संपलं होतं, म्हणून नळाचं घेतलं. अकरा, गरम. पुन्हा पाणी तापवलं. साडेअकरा, गार.

स्वेटर चार वेळा आतबाहेर झालं. ढब्बू इतक्या गाढ झोपेत की त्याला काढघाल करताना आजोबांनाच घाम फुटला. त्यांनी वहीवरून बोट फिरवलं. दर अर्ध्या तासाला चढणारा-उतरणारा ताप त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. फोन हातात घेतला आणि ठेवला. सुनेला कळवलं म्हणजे तिची नोकरी गेली. न कळवावं तर पोराचं काय?

देव अशा वेळी खालच्या मजल्यावर कुणीतरी ठेवतोच. तिथे रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर राहत. आजोबांनी दार वाजवून सांगितलं, “नातवाला विचित्र ताप आहे, जरा वर या.”

ड्रायव्हर झोपेत होते, पण त्यांचे हात कामावर होते. दाराबाहेरच्या गाडीतून त्यांनी स्ट्रेचर काढलं आणि वर निघाले. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. “तुमची बाजू उचला,” ड्रायव्हर. “उचललीच आहे,” आजोबा. “मग सोडा.” आजोबांनी सोडली. त्या आवाजाने आजी उठून दारात आल्या.

“कोणाला नेताय?”

“ढब्बूला,” आजोबा रडवेल्या आवाजात म्हणाले.

“या एवढ्यावर? मुंगीला बैलगाडी कशाला?”

ड्रायव्हरांनी काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हता. त्यांनी मानेला हात लावला, आजींनी लावला. छान कोमट. ढब्बू आपला घोरतोय.

“मग माझ्या हाताला कधी भाजतो, कधी गारठतो, ते कसं?” आजोबांनी वही पुढे केली.

आजींनी वही वाचली, मोरीतलं वाफाळतं पातेलं पाहिलं आणि म्हणाल्या, “पोर आहे तसंच आहे हो. तुमचे हातच चढतायत आणि उतरतायत.”

“बत्तीस वर्षांत कधी हाताची तक्रार नव्हती.”

“बत्तीस वर्षं हातमोजे होते. काचेवर ठसे नकोत म्हणून.”

ड्रायव्हर जांभई देत म्हणाले, “स्ट्रेचर सकाळी नेतो. पुन्हा त्या वळणाशी भांडायची ताकद नाही.” आजोबा पलंगाजवळून हलायला तयार नव्हते, तेव्हा आजींनी त्यांना त्याच स्ट्रेचरवर झोपवलं आणि कागदाने मनाई केलेली सगळी पांघरुणं त्यांच्या अंगावर घातली.

सकाळी सून आली. खोलीत स्ट्रेचर, त्यावर डोक्यापर्यंत झाकलेलं कुणीतरी. तिच्या हातून पिशवी गळाली. तेवढ्यात पांघरुणांतून घोरणं आलं आणि कठड्याला धरून झग्यात उभा असलेला ढब्बू “आई” म्हणाला. तिने मानेमागे हात लावला. कोमट. नाक कोरडं. मग वही वाचली आणि ती जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“मेट्रनबाईंना काय सांगणार?” आजोबांनी पांघरुणातूनच विचारलं.

“आजही येते म्हणून सांगणार.” तिने कागदावर शेवटी एक ओळ घातली: मान आईंनी बघायची. बाबांनी फक्त आईंना उठवायचं.

त्या रात्री दहाला आजोबांनी नियमाप्रमाणे नळाखाली हात धुतले आणि आजींना उठवायला त्यांच्या मानेला लावले.

आजींच्या किंकाळीने ढब्बू दोन रात्रींत पहिल्यांदाच जागा झाला.